टेस्टेड ओके

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसांत दोन घराणी आहेत. पहिलं पुसणाऱ्यांचं. यांची गाडी दसऱ्याला बाहेर येते, बॉनेटवर झेंडूचा हार पडतो, नातवंडांसह फोटो निघतात आणि संध्याकाळी कव्हर पुन्हा चढतं. दुसरं घराणं ऐकणाऱ्यांचं. यांच्या गाडीच्या दाराला पोचा असेल, सीटमधून काथ्या डोकावत असेल, त्याचं त्यांना सोयरसुतक नसतं. पण चालत्या इंजिनानं एक ठोका गाळला की ते बोलता बोलता थांबतात, मान जराशी कलती करतात आणि तुमच्या मुलाचं लग्न ठरल्याची बातमी मध्येच तोडून विचारतात, "ऐकलंत?"

आपण काहीच ऐकलेलं नसतं.

आमच्या सोसायटीतले काका या दुसऱ्या घराण्यातले. टेलिफोन खात्यात त्यांची उभी नोकरी फॉल्ट शोधण्यात गेली. लाईन साफ मुकी झाली तर ती कुणीही दुरुस्त करतो. पण जिच्यात खरखर येते आणि माणूस पोचेपर्यंत निघून जाते, ती लाईन माझ्याकडे यायची, असं ते अजूनही सांगतात. अशा तक्रारीवर तेव्हा ठरलेला शेरा पडत असे: टेस्टेड ओके. गिऱ्हाईक या दोन शब्दांवर फार चिडायचं. निवृत्तीनंतर काका स्वतःच गिऱ्हाईक झाले.

गाडी फियाट. आरसी बुकात ती प्रीमियर पद्मिनी आहे, पण ज्यांनी ती चालवली ते तिला फियाटच म्हणतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली हातगिअर. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी ही वंशावळ काका न विचारता म्हणतात. आणि या गाडीला मिसिंग आहे. चालता चालता मध्येच एखादा ठसका देते, गाडी कणभर मागे ओढल्यासारखी वाटते, की पुन्हा सुरळीत.

कायमची मिसिंग असती तर हा लेख झालाच नसता. गॅरेजमधलं बारकं पोरगंसुद्धा इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढतं; जी काढल्यावर आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर गुन्हेगार. पाच मिनिटांचं काम, शॉक बसला तर सहा. पण काकांची मिसिंग अधूनमधून. गॅरेजच्या दारात गाडी उभी राहिली, मिस्त्रीनं फडक्याला हात पुसत बॉनेट वर केलं की इंजिन असं एका लयीत चालतं, की मिस्त्री काकांकडे सहानुभूतीनं पाहतो. "काका, गाडी एकदम मक्खन आहे." काका पैसे विचारतात, तो घेत नाही, हा अपमान वेगळाच. परतताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला पहिला ठसका.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी ती आरटीओत नेऊन दाखवावी लागते. त्या दिवशी काका पहाटे उठतात. गाडी नापास होईल या धास्तीनं त्यांना नाश्ता जात नाही. साहेब येतात, हॉर्न, लाईट, ब्रेक बघतात, इंजिन ऐकतात आणि सही करतात. मग काकांना दुसरं दुःख होतं. "अहो, ऐकलं तरी का त्यांनी नीट?" असं ते घरी येईपर्यंत म्हणत राहतात. एकदा तर त्यांनी साहेबांना थांबवून मिसिंगची माहिती द्यायचा प्रयत्न केला होता. काकूंनी मागून शर्ट ओढला म्हणून कागद हातात पडले.

काकांकडे एक वही आहे. शंभर पानी, पुठ्ठ्याची, आडवी धरून रकाने आखलेले: तारीख, वेळ, ठिकाण, गिअर, हवा, चोक, प्रवासी, आवाज, शेरा. आवाजाच्या रकान्यात फक्त चार शब्दांची मुभा आहे: ठसका, उचकी, फुसका, फटाका. फटाका म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं तो. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी लाल शाईत, जुन्या सवयीनं, "टेस्टेड ओके". मला सगळ्यात आवडतो तो प्रवाशांचा रकाना. त्यात एका पानावर लिहिलंय: "मेहुणे. कात्रज घाट पूर्ण. मिसिंग नाही. (मुद्दाम.)" हे मेहुणे गाडी विकून टाका म्हणणाऱ्यांपैकी. त्यांच्यासमोर गाडी शहाण्यासारखी वागली याचा काकांना आनंद व्हायला हवा होता, पण वहीतला कंस बघितला की कळतं, झाला नाही.

या वहीवरून काकांच्या संशयाचा प्रवास नीट लागतो. आधी पेट्रोलवर वहीम होता. टाकीत कचरा, फिल्टर तुंबलेला, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कण अडकलेला. जेट काढून तोंडानं फुंकायची असते. तिची चव काकांना अजून आठवते. मग उन्हाळा आला. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला, त्याच्या हालचालीवर चालणारा. मे महिन्यात खंबाटकी चढताना तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. यावरचा त्या काळातला सर्वमान्य उपाय म्हणजे पंपावर ओला फडका. काका तेव्हापासून डिकीत पाण्याचा कॅन आणि एक फडका ठेवतात. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तो फडका नसून त्यांच्या माहेरचा टॉवेल आहे. पुढे डिसेंबरात, वाईच्या थंडीत, स्वेटर घातलेले असताना मिसिंग आली आणि वाफेचा सिद्धान्त वहीत आडव्या रेघेनं खोडला गेला. टॉवेल परत मिळाला नाही.

मग काका विजेकडे वळले आणि घरी परतल्यासारखे रमले.

इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण काकांचं ज्ञान खोटं नाही. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉईलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉईलमधून त्याच क्षणी हजारो व्होल्ट बाहेर पडतात, फिरणारा रोटर ते पाळीपाळीनं एकेका प्लगला वाटतो. फियाटमध्ये ही पाळी एक, तीन, चार, दोन. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. त्या शंभरातली एक पडली नाही हे आपल्याला ऐकू येतं, असा काकांचा दावा आहे. या वाटेवर जेवढे सांधे आहेत तेवढे संशयित. कॉईल तापली की आतल्या वेटोळ्यांचं इन्शुलेशन दगा देतं आणि थंड झाली की पुन्हा साळसूद. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून केसाएवढी चीर गेली की दमट हवेत करंट तिच्यातून पळतो. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट जळतात. काकांनी यातलं एकेक पकडलं, सोडलं, पुन्हा पकडलं.

प्लग तर ते घरात आणायचे. चारही प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले, शेजारी पोह्यांची बशी. टोक तपकिरी असेल तर जळण बरोबर. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरं पडलं असेल तर हवा जास्त किंवा प्लग फार तापतोय. काका भिंगातून एकेक प्लग बघत आणि मला दाखवत. तिसरा जरा काळसर होता. "तीन नंबर," ते हलक्या आवाजात म्हणाले. शेजारच्या खोलीत काकू होत्या, त्यांना तीन नंबरची बातमी इतक्यात कळू नये असं त्यांना वाटलं असावं. काकूंनी आतूनच विचारलं, "लिंबू कुणी पिळलंय त्या पेपरवर?"

हायटेन्शन वायरींची परीक्षा मात्र रात्रीची. या वायरींचं रबर जुनं होऊन तडकलं की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या लोखंडावर उडी मारते. दिवसा ती दिसत नाही, अंधारात निळी दिसते, आणि वर पाण्याचा बारीक फवारा मारला तर हमखास. काकांनी सेक्रेटरींकडे रीतसर अर्ज करून पार्किंगचे दिवे रात्री अर्धा तास बंद ठेवायची परवानगी काढली. अर्जाचा विषय होता: "विद्युत गळतीची पाहणी." त्यामुळे पाहणीला निम्मी सोसायटी जमली, कारण लोकांना वाटलं मीटररूमचं काही आहे. अंधारात फियाटचं इंजिन चालू, बॉनेट वर, आणि काका हातात इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन उभे. पहिला फवारा गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्लगच्या वायरींमधून निळसर किरमिजी रेषा तडतडत पळाल्या. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. वॉचमन दोन पावलं मागे सरकला. काका मागे वळून आमच्याकडे बघत होते. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण ते वळले होते हे नक्की. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा फॉल्ट चारचौघांना डोळ्यांनी दिसला होता.

दुसऱ्या दिवशी काका नाना पेठेत जाऊन वायरींचा नवा संच घेऊन आले. मिसिंग कमी झाली. गेली असं सगळे म्हणाले. काका "कमी झाली" म्हणाले, आणि तेच खरं होतं. अधूनमधूनच्या रोगाचं एक असतं: त्याला बहुधा एकापेक्षा जास्त कारणं असतात, आणि एक सापडलं की दुसरं त्याच्या आडून निसटतं. गॅरेजवाले अशा वेळी प्लग, पॉइंट, कॅप, रोटर, कंडेन्सर सगळं एकदम बदलतात. गाडी बरी झालीच तर कशानं झाली ते कुणालाच कळत नाही. काकांना हे मान्य नाही. एका वेळी एकच वस्तू बदलायची, आठ दिवस चालवायची, वहीत लिहायचं, मग पुढची. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तिला वर्षं लागतात एवढंच.

निळ्या ठिणग्यांच्या त्या रात्रीपासून रविवारचा दरबार सुरू झाला. सकाळी साडेनऊला बॉनेट उघडतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात. त्यांच्या मते कंडेन्सर. पंखा हळू फिरला तरी त्यांच्या मते कंडेन्सरच, पण पंख्याच्या बाबतीत ते बरोबर ठरल्यामुळे त्यांचा आत्मविश्वास वाढलेला आहे. ते येताना कधीकधी एखादा कंडेन्सर घेऊनच येतात. दुसरे एक हेड खोला म्हणणारे आहेत. व्हॉल्व्ह जळलाय, हेड खोला. हे पूर्वी कधीतरी आपल्या गाडीचं हेड खोलून बसले होते आणि बाकीच्यांनीही खोलावं अशी त्यांची इच्छा आहे. तिसरे इथेनॉलवाले. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं तेव्हापासून त्यांच्या मते देशातल्या सगळ्या मिसिंगचा उलगडा झालेला आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, हे ते सांगतात ते चूक नाही. काका शांतपणे वही उघडतात आणि इथेनॉलच्या कितीतरी आधीची, मजकूर फिका पडलेली नोंद बोटानं दाखवतात.

कुणाचा तरी भाचा एकदा हातात छोटं यंत्र घेऊन आला. हल्लीच्या गाडीत डॅशबोर्डखाली ते खुपसलं की गाडी स्वतःच कोड सांगते: पी ०३०० म्हणजे कुठेतरी मिसिंग, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये. पोरगं बिचारं फियाटच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून सॉकेट शोधत बसलं. "काका, हिला पोर्टच नाहीये." काकांनी त्याला चहा दिला. "बाळा," ते म्हणाले, "पेशंटनंच रोगाचं नाव सांगायचं असेल तर मग आपण कशाला आलो?"

नव्या बिऱ्हाडाला सोसायटीचे नियम सेक्रेटरी सांगतात, पण प्रवेश पक्का होतो तो काकांबरोबरच्या ट्रायलनंतर. तुम्हाला डावीकडे बसवतात. काच खाली घ्यायला लावतात. गाडी सिंहगड रस्त्याला लागली की बोलणं बंद. मग कुठेतरी काका स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. "आलं?" इथे नवा माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि फसतो, कारण पुढचा प्रश्न असतो, "कितव्या सिलिंडरचं वाटलं?"

काका एकदा मुंबईला गेले होते ते मुद्दाम काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या चालकाला गाठायला. गाडीत दिवसभर बसणाऱ्याला विचारावं, हा विचार योग्यच होता. दादरहून फोर्टपर्यंत काकांनी त्याला सगळा इतिहास सांगितला, वही दाखवली. तो आरशात बघत ऐकत होता. उतरताना म्हणाला, "साहेब, मिसिंग माझ्या पण गाडीला आहे. चालते ना?" काकांना हा माणूस मुळीच आवडला नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा ते दिवसभर गप्प होते. टॅक्स्या होत्या तोवर सुट्या भागांचा बाजार चालू होता. आता रोटर मागितला तर दुकानदार माळ्याकडे बघतो, शिडीकडे बघतो आणि मग नाही म्हणतो.

आता खरी गोष्ट. ती मला काकूंनी सांगितली आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. पण हे मासिक आमच्या सोसायटीत एकाच घरी येतं, ते माझ्या, आणि काका उसनं नेतात ते फक्त दिवाळी अंक.

मिसिंग सापडली आहे. मागच्या दिवाळीच्या आधीच. काका एकटेच खाली गेले होते, दुपारच्या वेळी, दरबार नसताना. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतल्या पॉइंटपर्यंत जाणारी दोन इंचांची वायर त्यांनी लाकडी पेन्सिलीनं हळूच हलवून बघितली, मग चिमटीत धरून ओढली. वरचं आवरण जिथल्या तिथे. आतल्या तारा मात्र बहुतेक सगळ्या तुटलेल्या, दोन-चार उरलेल्या. इंजिन हललं की तारांची टोकं सुटायची, पुन्हा हललं की टेकायची. मिस्त्रीनं टॉर्च मारून शंभर वेळा बघितली असेल ती वायर, पण बघून ती कुणालाच कळली नसती, ती ओढायला हवी होती. काकांकडे टेलिफोनच्या जंपर वायरची गुंडाळी कपाटात होती, पण ती एकतारी. सतत हलणाऱ्या जागी चार महिन्यांत मोडेल म्हणून ती न घेता त्यांनी बारीक तारांची लवचीक वायर आणली, दोन्ही टोकांना डाग दिला आणि बसवली. सगळा खर्च दहा रुपयांच्या आत. जुनी वायर काकूंच्या जुन्या कुंकवाच्या डबीत आहे. काकूंनी झाकण उघडून मला दाखवली.

"मग सांगत का नाहीत?" मी विचारलं.

"रविवारी काय करतील मग?" काकू म्हणाल्या. "आणि हे एकटेच का, ते बँकवाले कुठे जातील?"

तेव्हापासून मी दरबारात जरा वेगळ्या नजरेनं उभा राहतो. बॉनेट उघडतं, इंजिन सुरू होतं. आवाज असा सलग की त्यात सुई टोचायला जागा नाही. बँकवाले डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "आज जरा जास्तच आहे. कंडेन्सर." हेडवाले मान हलवतात, त्यांना व्हॉल्व्ह स्पष्ट ऐकू येतो. इथेनॉलवाल्यांना वास येतो. परवा ज्या नव्या भाडेकरूला ट्रायलला नेलं होतं, त्यानं परत आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की दांडेकर पुलाच्या अलीकडे दोनदा मिसिंग आली, दोन्ही वेळा तीन नंबरची. काकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि वहीत नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही, पण शाई लाल होती.

तेव्हा तुमच्याकडे एखादी पॉइंटवाली जुनी गाडी असेल आणि ती अधूनमधून ठोका गाळत असेल, तर आधी ती आतली छोटी वायर ओढून बघा. निम्म्या नाना पेठेचे पैसे वाचतील. आणि गाडी नसेल तर रविवारी साडेनऊला आमच्याकडे या. चहा असतो. कंडेन्सर मात्र आणू नका, काकांकडे बिस्किटाचा डबाभर पडले आहेत.